राणूची वाकडी फुंक

ऐकायचं असेल तर नीट ऐका. पाय पसरा, तंबाखू मळा, काय करायचं ते करा, पण मधे तोंड घालायचं नाही. गोष्ट फार वर्षांपूर्वीची. किती वर्षांपूर्वीची ते कोणालाच ठाऊक नाही, आणि जो आकडा सांगेल तो थापा मारतो असं खुशाल समजा. तेव्हा आमच्या आंबेघोळीला गाडीरस्ता नव्हता. कड्याखालचं रान माणसांपेक्षा बिबट्यांचंच जास्त होतं. आणि कड्याच्या माथ्यावर कडजाईचं देऊळ होतं. ते अजून आहे. देवी काय घर बदलत नाही.

ह्या कडजाईची मूर्ती वर्षभर माथ्यावर असते, आणि चैत्राच्या पुनवेला तिचा मुखवटा पालखीत बसून खाली येतो. आता पालखी तर सगळ्याच गावांत निघते, त्यात काय एवढं, असं म्हणाल. पण आमची पालखी कड्याच्या वाटेनं उतरते. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मधे बकरीलाही विचार करावा लागेल अशी वाट. त्यात रीत अशी की देवीला पाठ दाखवायची नाही. म्हणजे पालखीच्या पुढच्या दांडीखाली जे खांदेकरी असतात, ते देवीकडं तोंड करून उलटे उतरतात. उलटे! पाठीमागं दरी आहे का वाट आहे, त्यांना दिसत नाही. मागचे खांदेकरी सरळ चालतात, पण त्यांच्या डोळ्यांपुढं पालखी आडवी. मग वाट बघायची कोणी?

सनईवाल्यानं. त्याला तेवढी देवीची माफी आहे. तो पालखीच्या पुढं, दरीकडं तोंड करून चालतो आणि वाजवतो. लांब सूर लागला की सरळ पाऊल. सूर वर चढला की डावीकडं वळण. खाली उतरला की उजवीकडं. आणि सनई गप्प झाली की जिथं असाल तिथं थांबायचं, टाच जमिनीवर असो की हवेत. खांदेकऱ्यांचे डोळे म्हणजे सनईवाल्याची फुंक. हा मान आंबेघोळीच्या घडशांच्या, म्हणजे पिढीजात वाजंत्र्यांच्या घराचा, आणि कड्यापलीकडच्या शिरवड्याचा त्यावर डोळा. कारण ज्या गावच्या सनईनं देवी उतरते, त्याच गावात, पुढल्या पुनवेला पुन्हा माथ्यावर चढेपर्यंत, तिचा मुखवटा राहतो. शिरवडेकर दरसाल नटूनथटून यायचे, वाट बघायचे आणि हात हलवत परत जायचे. चिमा घडशी वाजवत होता, त्याच्या छातीत भाता होता, तोवर कोणाची काही टाप नव्हती.

चिमाचा एकुलता एक पोरगा राणू. ही त्याची गोष्ट.

राणू बकऱ्या राखायचा आणि रानात सनई वाजवायचा. एकटा असला म्हणजे काय वाजवायचा! असं म्हणतात की तो वाजवायला लागला की बकऱ्या तोंडातला पाला चावायच्या थांबायच्या. पाला तसाच ओठांबाहेर लोंबत राहायचा. असं म्हणतात की एक बिबट्या रोज येऊन थोड्या अंतरावर कुत्र्यासारखा बसायचा आणि वाजवणं संपलं की आळस देऊन निघून जायचा, बकरीकडं वळूनसुद्धा बघायचा नाही. कोणी म्हणेल, सनई ऐकायला बिबट्या बसतो होय? बसला. तुमचं काय गेलं?

पण माणूस दिसलं की संपलं. एक माणूस. तेही अगदी शेणी वेचायला आलेली म्हातारी का असेना. राणूला वाटायचं, ही आता माझ्या तोंडाकडं बघणार. बोटं सनईच्या भोकांवर तव्यावरच्या लाह्यांसारखी उडायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तोंडाला कोरड पडायची. आता सनईचं असं आहे, तिच्या तोंडाशी जी पत्ती असते ती ओली असली तरच बोलते. जीभ टाळूला चिकटलेली, थुंकीचा थेंब नाही, पत्ती कोरडी ठाक. मग कितीही फुंका. खुडूक कोंबडीला पाटीखालनं ओढून काढावं तसा आवाज यायचा.

त्यानं उपाय काय कमी केले? भगताचा अंगारा लावला. एकदा माडी पिऊन वाजवायला बसला, तर वाजवण्याऐवजी रडला. पाटलाच्या पुतणीच्या लग्नात म्हणाला, माणसं दिसतात म्हणून भीती वाटते, मग डोळेच बांधतो. बांधले. आणि काय सांगता, वाजायला लागली की सनई! गोड, जशी रानात वाजते तशी. राणू खूश. खुशीत चार पावलं पुढं आला, आणखी चार आला, आणि थेट आमटीच्या हंड्यात बसला. बरं, आमटी अजून चुलीवर चढायची होती म्हणून वाचला. पण सगळा मांडव उलथापालथा झाला, नवरीसुद्धा मुंडावळ्या धरून हसली. नंतर गावातल्याच आणखी एका लग्नात तो गवताच्या गंजीआड लपून वाजवायला बसला. तिथं बैलानं गंजी ओढली आणि राणू उघडा पडला. सगळी वरात त्याच्याकडं बघतेय, आणि सनईतून निघालं, क्वाऽक.

“काय राणोजी,” कोणीतरी ओरडलं, “अंडं घातलंस व्हय?”

तेव्हापासून त्याचं नाव पडलं, राणू कोंबडा.

चिमा वरून दाखवायचा नाही, पण आतून झिजायचा. त्यात त्याला दम्यानं धरलं. एका चैत्रात तर उठवेना. मग सनई राणूच्या हातात आली. देवळाच्या पायरीवर तो उभा राहिला, समोर दोन गावं उभी, खांदेकऱ्यांनी दांडीखाली खांदे घातलेले. राणूनं सनई ओठाला लावली. आणि नुसता वारा. फूऽऽ. चुलीत फुंकतात ना, तसा. शिरवड्याच्या बाजूनं हशा पिकला. त्यांचा सनईवाला गणबा, डोक्याला भरजरी पटका, सनईला चांदीच्या कड्या, तो पुढं सरसावला.

तेवढ्यात माणसं बाजूला झाली. चिमा आला होता. एका पैलवान गड्याच्या पाठीवर बसून, पोत्यासारखा. त्यानं राणूच्या हातातली सनई घेतली आणि त्या गड्याच्या पाठीवरूनच पालखी अख्खी उतरवली. मधे मधे खोकला यायचा, पालखी थांबायची, पुन्हा चालायची. देवी आंबेघोळीत उतरली. पण चिमाची छाती त्या उतरणीत फुटली ती फुटलीच. तो खाटेला लागला.

“राण्या,” तो म्हणाला, “माझा भाता संपला. पुढल्या साली तू, न्हाईतर गणबा. तिसरं कुणी न्हाई.”

एवढंच बोलला आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं राणूला वाटलं. बापाची पाठ बघत तो उंबऱ्यातच बसून राहिला. आपल्यापायी गावाची देवी जाणार. आणि देवी राहू दे, बापाचा श्वास आपल्यापायी गेला. त्याला जेवण जाईना.

चिमाची बहीण भागा. गावची सुईण. आंबेघोळीत तेव्हा जी जी माणसं जिवंत होती, त्यातली निम्मी हिच्या हातात आली असतील. तोंडानं फाटकी, हातानं मऊ. ती भाकरी घेऊन आली आणि राणूच्या पुढ्यात बसली.

“खा.”

“न्हाई जात, आत्ती.”

“खा म्हणते ना मुडद्या. उपाशी फुंकणार हायेस व्हय?” मग भाकरी मोडून त्याच्या हातात देत म्हणाली, “तुला एक सांगू का? बाळंतपणाला बाई अडते कधी, ठाव हाय?”

“मला काय ठाव? मी काय बाळंत झालोय?”

“ऐक गप. नवी पोर असती. बाहेर सासरा बसलेला, दीर बसलेले. तिला वाटतं, आपण वरडलो तर हे लोक काय म्हणतील. मग ती दात आवळती. दात आवळले की समदं अंग आवळतं, आणि लेकरू आतल्या आत अडतं. मग मी काय करते? तिच्या मांडीला जोरात चिमटा काढते. म्हणते, वरड भवाने, म्हशीवाणी वरड, वाईट वरड. ती वरडली, एकदा का घाण किंकाळी बाहेर पडली, की मग झाकायचं ऱ्हातंच काय? लाज गेली, अंग सुटलं, पोर आलं.”

“मग?”

“मग तूबी तसंच कर. पयला सूर घाण काढ. मुद्दाम. सगळ्यात घाण.”

राणू ताडकन उठला. “देवीपुढं घाण वाजवू? बानं जिथं जीव घातला तिथं?”

“देवी काय बाई न्हाई व्हय?” भागा म्हणाली. “तिला काय कळा ठाव नसतील?”

पण राणूनं ऐकलं नाही. ऐकतो कशाला! माणसाला चांगलं सांगितलेलं कधी पटतं का? उलट तो आत्तीवर रागावला आणि भाकरी तिथंच टाकून रानात गेला. पाऊस गेला, थंडी गेली, आणि राणू बकऱ्यांसमोर गोड गोड सूर घोटत राहिला. कड्याच्या वाटेवर तर इतका हिंडला की कुठं दगड हलतो, कुठं बुडाशी मुरूम आहे, कुठं करवंदीची जाळी पायाला लागते, हे त्याला डोळे मिटून कळायला लागलं. वाट पाठ झाली. भीती मात्र होती तिथंच.

आणि चैत्राची पुनव आली.

पहाटेच दोन्ही गावं माथ्यावर चढली. देवीला हिरवी साडी नेसवली, भंडारा उधळला, ढोल घुमायला लागले. गणबा नवा पटका बांधून, विड्यानं तोंड रंगवून उभा. आणि राणू? राणू देवळामागं ओकत होता. खरं तेच सांगतो. पोटात काही नव्हतं तरी ओकत होता.

रीत अशी की सूर्याचं ऊन देवळाच्या कळसाला लागलं की पालखी उचलायची. सगळे कळसाकडं बघत होते. पण ऊन आलंच नाही. दरीतून धुकं वर आलं! आलं ते असं आलं, जसं दूध उतू जातं. आधी खालची झाडं गेली, मग वाट गेली, मग दीपमाळ गेली, मग शेजारचा माणूस गेला. हात पुढं केला तर स्वतःची बोटं दिसेनात. बायामाणसं, पोरं, म्हातारी आणि खांदा नसलेले बाप्ये धुकं यायच्या आधीच लांबच्या रुंद वाटेनं उतरून दरीपलीकडच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, जाऊन बसली होती, तिथून उतरण दिसते म्हणून. त्यांना आता काही म्हणता काही दिसेना.

“कळस तापला असंल,” पुढच्या दांडीचा म्होरक्या धुळबा म्हणाला. हा धुळबा म्हणजे केवढा माणूस, दोन मिशांवर दोन लिंबं ठेवावीत असा. “उचलायला पायजे.”

“ह्या ढगात?” गणबाचा आवाज आला. “मला वाटच दिसंना. मी न्हाई उतरवायचा. थांबा ऊन पडंस्तोवर.”

“देवी थांबती व्हय तुझ्यासाठी?”

अशी बाचाबाची चालू झाली. आणि तिकडं देवळामागं राणूनं डोकं वर केलं. चारी बाजूंना पांढरं. त्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. एक तोंड दिसेना. एक डोळा दिसेना. राणूला हळूच कळलं की जर मला कोणी दिसत नाही, तर मीही कोणाला दिसत नाही! आणि त्याच्या तोंडात, जिभेखाली, थेंबभर पाणी आलं.

तो चाचपडत पुढं गेला, पालखीची दांडी हातानं ओळखली, तिच्यापुढं जाऊन उभा राहिला आणि त्यानं सनई लावली.

काय वाजली! अहो, काय वाजली! सगळी बाचाबाची जागच्या जागी विझली. धुळबा अंधारात हाक मारावी तसा ओरडला, “हा कोण गं आई? चिमा हाय का चिमाचं भूत?” आणि कोणाच्या उत्तराची वाट न बघता त्यानं दांडी उचलली. पालखी हलली.

लांब सूर. पाऊल मागं. लांब सूर. पाऊल मागं. सूर चढला, डावीकडं. खांदेकरी आंधळे, पण त्यांचे पाय त्या सुराला चिकटलेले. हलणारा दगड आला, सूर थरथरला, पाऊल त्याच्यावरून पलीकडं गेलं. करवंदीची जाळी आली, सूर वाकला, पालखी वाकली. पलीकडच्या टेपावर बसलेल्या बाया सांगायच्या की आम्हाला माणूस दिसत नव्हता, पालखी दिसत नव्हती, नुसतं धुकं वाजत होतं. वरून खाली सरकत सरकत अख्खा ढग वाजत होता. असं म्हणतात की शिरवड्याच्या म्हाताऱ्यांनीसुद्धा पागोटी काढून मांडीवर घेतली.

निम्मी वाट झाली. आणि पालखी एकपावलीवर आली.

एकपावली म्हणजे नावच सांगतं. एक पाऊल मावतं, दुसरं पहिल्याच्या पुढंच टाकावं लागतं. कातळाला अंग घासत जायचं, खाली दरी. त्या जागी दोन माणसांना एकमेकांना ओलांडता येत नाही. जो पुढं आहे तो पुढंच. पालखीचा मधला भाग एकपावलीवर, धुळबा उलटा, त्याच्या टाचा दरीच्या काठाला. आणि राणू चार हात पुढं, सूर लावून.

तेव्हा वारा आला. दरीतून उठला तो थेट कड्यावर आदळला, आणि धुकं धोतर फाटावं तसं टरकन फाटलं. ऊन पडलं. लख्ख ऊन.

राणूनं समोर बघितलं. पलीकडच्या टेपावर दोन गावं बसलेली. बाया, बाप्ये, पोरं, म्हातारी, शिरवड्याचे, आंबेघोळीचे, तेवढी सगळी तोंडं, आणि सगळी त्याच्याकडं. कोणी बोट दाखवून म्हणालं, “आरं, ह्यो तर राणू कोंबडा!”

सनई थांबली.

सनई थांबली म्हणजे पालखी थांबली. धुळबाचं एक पाऊल मागं उचललेलं होतं, ते त्यानं जिथं होतं तिथं टेकवलं. निम्मी टाच हवेत. टाचेखालचा खडा सुटला, आणि खाली पडल्याचा आवाज येतो का म्हणून सगळे कान लावून बसले, तर आवाजच आला नाही. एवढी खोल दरी.

“राण्या,” धुळबा दात आवळून म्हणाला, “वाजव.”

राणूनं फुंकलं. फूऽऽ. वारा. जीभ टाळूला चिकटली. बोटं उडायला लागली.

“राण्या, खांदा सुटतोय रं! मागं काय हाय, सांग की!”

“बोल की तोंडानं!” मागचा एक खांदेकरी ओरडला.

पण राणूच्या तोंडातून शब्दही निघेना. तोंड म्हणजे वाळलेला भोपळा. मागं माथ्यावरून गणबा धावत खाली आला होता, पण एकपावलीवर पालखी आडवी, तिला ओलांडून पुढं यायचं कसं? तो नुसता हात वर करून उभा. आणि टेपावरून शिरवड्याचं कोणीतरी, त्याच्या तोंडात माती पडो, मोठ्यानं हसलं आणि म्हणालं, “कोंबडं खुडूक झालं रंऽऽ!”

राणूच्या डोळ्यांपुढं बापाची पाठ आली. भिंतीकडं वळलेली. मग मान वळवली तर दांडीखालचे ते गडी दिसले. बापावर विसंबले तसे आज त्याच्यावर विसंबलेले. त्यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या. धुळबाच्या मिशीतून घाम गळत होता.

आणि दरीपलीकडून एक चिरका आवाज आला.

“राण्याऽऽ! घाण वाजव, मुडद्याऽऽ! वरड म्हशीवाणीऽऽ!”

भागाआत्ती. टेपाच्या काठावर उभी राहून, लुगड्याचा काचा मारून, दोन्ही हात तोंडाशी धरून बोंबलत होती. देवीचा दिवस, दोन गावं बघतायत, आणि ही बोंबलतेय! राणूला वाटलं, हिला लाज कशी वाटत नाही? आणि असं वाटता वाटताच त्याला कळलं की हिला लाज वाटत नाही म्हणूनच हिचा आवाज दरी ओलांडून इथवर येतोय.

त्यानं डोळे उघडेच ठेवले. सगळी तोंडं बघितली. गाल फुगवले. आणि मुद्दाम, जीव खाऊन, जगातली सगळ्यात घाण फुंक मारली.

पँऽऽऽक्वाऽऽऽर्र!

गाढवाच्या शेपटीवर पाय पडावा आणि त्याच गाढवानं त्याच वेळी कोंबडी गिळावी, असा तो आवाज होता. कड्यानं तो उचलला आणि परत फेकला. पलीकडच्या कड्यानं झेलला आणि तोही ओरडला. दरी पँ पँ करायला लागली. कपारीतली गिधाडं उडाली. खाली आंबेघोळीत चिमा खाटेवर होता, त्यानं तो आवाज ऐकला आणि कपाळावर हात मारला. “गेली,” म्हणाला, “माझी अब्रू गेली.”

टेपावरच्या पोरांनी कानांवर हात ठेवले.

मग आधी भागा हसली. खदाखदा, पोट धरून. मग तिच्या शेजारची बाई. मग सगळं टेपाड हसलं. पोरं तर गडाबडा लोळली. धुळबानं हसू दाबायचं खूप केलं, पण त्याची मिशी हलली आणि तो फस्सकन हसला. मागचे खांदेकरी हसले. एकपावलीवर, दरीच्या काठावर, देवीला खांद्यावर घेऊन ते गडी हसत होते! असं म्हणतात की पालखीतल्या मुखवट्याच्या नथीचा मोतीही हलला. आता वारा होता म्हणून हलला की कशानं, ते देवीला ठाऊक.

आणि राणू? राणूला तोच आवाज कड्यावरून परत परत ऐकू येत होता. त्यालाही हसू फुटलं. जे व्हायची जन्मभर भीती होती ते झालं, एवढ्या माणसांसमोर झालं, दोनदोन कड्यांनी मोठ्यानं सांगितलं, आणि तो अजून उभा होता. हसता हसता त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. चिंच बघितल्यासारखं भरभरून. पत्ती ओली झाली.

मग त्यानं सूर लावला.

ते मी काय सांगू? जे सांगतात तेवढंच सांगतो. असं म्हणतात की उडालेली गिधाडं पंख न हलवता आभाळात जागच्या जागी थांबली. असं म्हणतात की कड्याच्या कातळाला, ऐन चैत्रात, पाझर फुटला, आणि तो अजून आटलेला नाही. जाऊन बघा, एकपावलीच्या वर हात लावला तर कातळ ओला लागतो. असं म्हणतात की पुढल्या रानात बिबट्या येऊन बसला होता आणि इतकी माणसं असून कोणी त्याला बघून ओरडलं नाही, तो कोणाला बघून उठला नाही. धुळबा मरेपर्यंत सांगायचा की एकपावलीनंतर आम्ही पालखी उचललेलीच नव्हती. पालखीच आम्हाला धरून खाली नेत होती. टाच ठेवायची तिथं आपोआप जमीन यायची.

सूर चढला, डावीकडं. सूर उतरला, उजवीकडं. राणू तोंडं बघत होता आणि वाजवत होता. जितकी जास्त बघत होता तितका जास्त वाजवत होता. शिरवड्याचे गडी टेपावरून धावत खाली उतरले आणि पायथ्याशी त्यांनीही पालखीला खांदा दिला. मानाची भांडणं कोणाला आठवलीच नाहीत. म्हणजे दुसऱ्या दिवशी आठवली, पण त्या दिवशी नाही.

पालखी गावात आली तेव्हा चिमाची खाट कोणीतरी अंगणात आणून ठेवली होती. भिंतीकडं नव्हे, वाटेकडं तोंड करून. सनई दारात आली तसा तो कोपरावर टेकून उठून बसला. राणूनं सनई खाली घेतली.

“बा.”

“ती मधली कसली फुंक होती रं, गाढवा?”

“भागाआत्तीची,” राणू म्हणाला.

चिमा बहिणीकडं बघून शिव्या द्यायला लागला. शिव्या देता देता त्याचा आवाज फुटला. मग त्यानं राणूचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

सगळे जेवायला बसले तेव्हा गणबा हळूच राणूपाशी आला. चांदीच्या कड्यांची सनई काखेत. इकडं तिकडं बघून म्हणाला, “राणोजी, ती गाढवाची फुंक मला शिकीव.”

“तुला कशाला? तू तर शेर हायेस.”

“कसला शेर. माझंबी तोंड सुकतंय रं. म्हणून तर विडा चघळत असतो, कुणाला कळू नये म्हणून.”

राणूनं त्याच्या रंगलेल्या ओठांकडं बघितलं. मग म्हणाला, “आधी विडा थुंक.”

त्यानंतर राणूनं पालखी म्हातारा होईपर्यंत उतरवली. आणि दरसाल, देवळाच्या पायरीवर, पालखी उचलायच्या आधी, पहिली फुंक तीच. पँ. असं म्हणतात की शेवटच्या साली पुन्हा तसंच धुकं आलं. पालखी खाली आली, देवी गावात आली, सनई वाजतच होती, पण धुकं उठल्यावर बघतात तर पुढं राणू नव्हता. सनई एकपावलीवर कातळाला टेकवून ठेवलेली. पत्ती ओली. शोधला, दरीत उतरून शोधला. सापडला नाही. कोणी म्हणतं देवीनं नेला, कोणी म्हणतं बिबट्याबरोबर गेला. मी म्हणतो, नेला असेल तर त्यानं तिथंही आधी पँ केलं असणार.

आज गाडीरस्ता झाला, तरी पालखी कड्याच्याच वाटेनं उतरते. पुढचे खांदेकरी उलटेच उतरतात. आणि सनईवाल्यानं पहिली फुंक वाकडी मारल्याशिवाय ते दांडीखाली खांदा घालत नाहीत. मागं एकदा शहराकडून नावाजलेला वाजवणारा आणला होता. त्यानं सुरुवातीलाच गोड आलाप घेतला. खांदेकरी हाताची घडी घालून उभेच. शेवटी गुरवानं त्याच्या कानात सांगितलं, तेव्हा तो लाजत लाजत पँ म्हणाला, आणि सगळा माथा ओरडला, “आली! राणूची आली!” आणि पालखी उठली.

आंबेघोळीत आता सगळ्यांनाच ती सवय आहे. शाळेच्या गॅदरिंगला पोर स्टेजवर येऊन थिजलं की समोरून आवाज येतो, “आधी राणूची काढ!” पोर पँ करतं, सगळे हसतात, आणि मग कविता घडाघडा म्हणतं. नवा सरपंच पहिल्या सभेत बोलायला उठला, कागद उलटा धरला होता, त्यालाही सोडलं नाही. बाळंतिणीच्या खोलीतून पहिली किंकाळी आली की बाहेर बसलेल्या म्हाताऱ्या म्हणतात, वाजली गं वाजली.

यंदा घडशांच्या घरातली पोरगी वाजवणार आहे, चंद्रा. पहिलीच वेळ. सकाळपासून देवळामागं बसलीय आणि ओकतेय. तिला कोणी समजावायला जाऊ नका, पाठीवर हात फिरवू नका. ऊन कळसाला लागू दे. मग सगळे तिच्याकडं नीट बघा, डोळे मोठे करून बघा, आणि ती गाल फुगवील तेव्हा हसायला तयार राहा.